गाठीचें खरें नांव

घरांतील कोणाच्याहि अंगावर एखादी गाठ हाताला लागली म्हणजे तिच्याविषयीं दोन मतें तत्काळ तयार होतात. एक मत म्हणतें, "चरबीची गाठ दिसते. दुखत नाहीं ना? मग राहूं द्या." दुसरें म्हणतें, "उद्यांच काढून टाका. डोक्याला ताप नको." हीं दोन्ही मतें परस्परविरुद्ध दिसलीं तरी त्यांचें मूळ एकच आहे. गाठ कशाची आहे हें न ठरवितांच तिचें काय करावयाचें हें दोन्ही पक्ष ठरवून मोकळे होतात. या महिन्यांत आम्ही शरीराच्या मऊ भागांत उद्भवणाऱ्या गाठींच्या एका विशिष्ट वर्गाचा विचार करणार आहों. हा वर्ग निदानाच्या दृष्टीनें अत्यंत फसवा आहे. आणि त्याच्या निदानांत शस्त्रवैद्य व सूक्ष्मदर्शकापुढें बसणारा तज्ज्ञ यांच्या खालोखाल घरच्या माणसांचाहि वाटा असतो, ही गोष्ट वाचकांच्या ध्यानांत आणून द्यावी असा आमचा हेतु आहे.

त्वचेखालील चरबी, स्नायु, स्नायूंना वेढणारे तंतुमय पडदे, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचीं आवरणें या सर्वांस मिळून शरीराचा मऊ भाग म्हणतात. या भागांत होणाऱ्या गाठींपैकीं निरुपद्रवी गाठी घातक गाठींच्या निदान शंभरपट तरी असतात, आणि प्रौढ माणसांस होणाऱ्या सर्व कर्करोगांत या घातक गाठींचा वाटा शेंकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी असतो. तेव्हां गाठ दिसली कीं धीर सोडण्याचें कारण नाहीं. परंतु याच आंकड्यांची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. घातक गाठ इतकी विरळा असल्यामुळें आपल्या नेहमींच्या डॉक्टरांच्या पाहण्यांत ती वर्षानुवर्षें येत नाहीं. आणि शंभर गाठी साध्या निघाल्या म्हणजे पुढचीहि साधीच असेल असें वाटूं लागतें. चूक होते ती येथें.

गाठींचें वर्गीकरण आपल्याकडे नवें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि आणि अर्बुद यांचा वेगवेगळा विचार केला असून अर्बुदाच्या प्रकारांत मांसार्बुद व मेदोर्बुद हीं नांवें येतात. मऊ भागांतील घातक गाठींना पाश्चात्य वैद्यकांत 'सार्कोमा' म्हणतात. तो शब्दहि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून झालेला आहे. प्राचीन मांसार्बुद म्हणजेच आजचा सार्कोमा, असा सरळ हिशेब मात्र कोणीं मांडूं नये. १८५८ सालीं रुडॉल्फ फिर्खो या जर्मन पंडितानें पेशींच्या विकृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हांपासून रोगाचें मूळ पेशींत शोधावयाचें ही दृष्टि रूढ झाली, आणि गाठीचें नांव तिच्या बाह्य स्वरूपावरून नव्हे, तर सूक्ष्मदर्शक यंत्रांतून दिसणाऱ्या पेशींवरून ठरूं लागलें. आमच्या आजच्या विषयाची खरी अडचण तेथेंच सुरू होते.

ज्यांच्या घरीं जानव्यासाठीं सूत कातलें जात असे, त्यांना सूत भरलेली चाती कशी दिसते हें सांगावयास नको. ती मध्यें फुगीर आणि दोन्ही टोकांकडे निमुळती असते. मऊ भागांतील पुष्कळ गाठींच्या पेशी नेमक्या याच आकाराच्या असतात. चातीला इंग्रजींत स्पिंडल म्हणतात, म्हणून तपासणीच्या कागदावर 'स्पिंडल सेल ट्यूमर' किंवा 'स्पिंडल सेल लीजन' असे शब्द येतात. ते वाचून घरांत एकच गडबड उडते. कोणी तेवढ्यावरून कर्करोग झाला असें ठरवितो, तर कोणी तेंच रोगाचें नांव समजून चालतो. वस्तुतः हें नांवच नव्हे. तें केवळ आकाराचें वर्णन आहे. तंतुमय पडदे विणणाऱ्या पेशी चातीसारख्या असतात, आंतड्यांच्या व रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील अनैच्छिक स्नायूंच्या पेशी तशाच असतात, आणि मज्जातंतूंच्या आवरणांतील पेशींचा आकारहि पुष्कळसा तोच. यांपैकीं कोणत्याहि पेशींची गाठ झाली तरी प्रथमदर्शनीं चित्र सारखेंच दिसणार. एकाच गणवेशांतील मुलांना पाठमोरें पाहून त्यांचीं आडनांवें सांगण्यासारखें तें काम आहे. 'स्पिंडल सेल' एवढेंच लिहिलेला कागद म्हणजे अर्धें झालेलें निदान होय. त्यावरून निश्चिंतहि होऊं नये आणि घाबरूंहि नये.

नुसत्या आकारावर किंवा वाढीच्या वेगावर विसंबलें असतां माणूस दोन्ही बाजूंनीं कसा फसतो, याचीं दोन उदाहरणें देतों. 'नोड्युलर फॅसायटिस' नांवाची एक गाठ आहे. ती बहुधा तरुण माणसांस, विशेषतः कोपर व मनगट यांच्या दरम्यानच्या भागांत होते. ती थोड्याच आठवड्यांत भराभर वाढते आणि कधीं कधीं दुखतेहि. तिचा तुकडा यंत्राखालीं पाहिला तर चातीसारख्या पेशींची दाटी दिसते आणि त्या पेशी झपाट्यानें विभागत असलेल्या आढळतात. हीं सर्व लक्षणें एखाद्या घातक गाठीस शोभणारीं आहेत. परंतु ही गाठ अगदीं निरुपद्रवी असते. ती सहसा तीन सेंटिमीटरांहून मोठी होत नाहीं आणि पुष्कळदां आपोआप विरते. १९५५ सालीं अमेरिकेंतील विकृतिवैद्यांनीं तिचें स्वतंत्र वर्णन केलें, तें सार्कोमाचें सोंग घेणारी गाठ म्हणूनच. तिच्या पेशींत दोन जनुकें एकमेकांस चुकून जोडलीं गेलेलीं असतात, हें २०११ सालीं सिद्ध झालें, आणि आतां शंकेच्या प्रसंगीं तेवढी खूण शोधून तिची ओळख पटवितां येते.

आतां याच्या उलट उदाहरण पाहा. 'सायनोव्हियल सार्कोमा' ही घातक गाठ किशोर व तरुण वयांतील माणसांस अधिक होते आणि पुष्कळदां गुडघ्याच्या आसपास आढळते. सांध्याच्या आंतील अस्तरावरून तिला हें नांव पडलें. पण त्या अस्तरापासून ती उद्भवत नाहीं हें आतां ठरलें आहे. ती कित्येकदां इतक्या मंदगतीनें वाढते कीं दोन-दोन, चार-चार वर्षें माणूस तिला जुना मुका मार किंवा सांध्याजवळचें पाण्याचें आवाळूं समजून चालतो. जी भराभर वाढली ती साधी, आणि जी शांत बसली होती ती घातक! "इतकीं वर्षें कांहीं झालें नाहीं, आतां काय होणार" हें आपल्या घरांतून नित्य ऐकूं येणारें वाक्य किती कच्च्या पायावर उभें आहे, हें यावरून दिसून येईल.

मग गाठीचें नांव ठरतें तरी कसें? पहिली पायरी हाताची व डोळ्यांची. गाठ पांच सेंटिमीटरांहून, म्हणजे साधारणतः मोठ्या लिंबाहून मोठी आहे काय, ती त्वचेखालीं सरकते कीं खोल स्नायूंत रुतलेली आहे, ती वाढत आहे काय, दुखते काय, पूर्वीं एकदां काढून पुन्हां आली आहे काय, हे प्रश्न प्रथम विचारावयाचे. यांपैकीं एकाचेंहि उत्तर होकारार्थी आलें, तर काढण्याची गोष्ट बोलण्यापूर्वीं तपासणी झालीच पाहिजे. न दुखणें हें मात्र निर्धोकपणाचें लक्षण नव्हे. कित्येक घातक गाठी मुळींच दुखत नाहींत. दुसरी पायरी चित्रांची. एम्. आर्. आय्. नांवाच्या तपासणींत गाठ कोणत्या स्नायूंत आहे, रक्तवाहिनी व मज्जातंतु यांच्या किती जवळ आहे, हें दिसतें. परंतु चित्रावरून नांव क्वचितच निश्चित होतें. त्यासाठीं तिसरी पायरी, म्हणजे गाठीचा तुकडा, अवश्य आहे.

हा तुकडा पुष्कळदां जाड पोकळ सुईनें घेतात. जागा बधिर करून शेवईच्या तुकड्यांसारखे दोन-चार बारीक धागे काढले कीं काम होतें. बारीक सुईनें नुसत्या सुट्या पेशी ओढून घेण्याचीहि एक सोपी रीत आहे आणि ती गळ्याच्या किंवा काखेच्या गाठींत उपयोगी पडते. पण चातीच्या आकाराच्या गाठींत ती बहुधा अपुरी ठरते. कारण येथें एकेका पेशीपेक्षां त्यांच्या मांडणीचें महत्त्व अधिक. लुगड्याचे चार धागे ओढून हातांत दिले तर त्यावरून काठाची वीण कशी होती हें कोण सांगूं शकेल? काढलेला तुकडा ताबडतोब फॉर्मॅलिनमध्यें टाकतात, मग मेणाच्या ठोकळ्यांत बसवितात आणि त्याचे एका मिलिमीटरच्या सुमारें अडीचशेंव्या भागाइतके पातळ काप घेऊन ते कांचपट्टीवर रंगवितात. मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लाकडापासून मिळणाऱ्या रंगानें पेशींचीं केंद्रकें निळींजांभळीं दिसतात, व दुसऱ्या रंगानें बाकीचा भाग गुलाबी होतो. एवढ्यावर अनुभवी विकृतिवैद्य पुष्कळ कांहीं वाचतो. मज्जातंतूच्या आवरणाच्या एका साध्या गाठींत केंद्रकें समोरासमोर रांगा धरून उभीं असतात. त्वचेंतून उद्भवणाऱ्या एका चिवट गाठींत पेशींची वीण चटईसारखी दिसते. अनैच्छिक स्नायूच्या गाठींत केंद्रकांचीं टोकें विडीसारखीं बोथट असतात. परंतु या खुणा नेहमींच इतक्या ठळक नसतात, आणि एका गाठींतील खूण दुसरींतहि उमटूं शकते.

म्हणून चौथी पायरी येते. प्रत्येक जातीच्या पेशींत कांहीं विशिष्ट प्रथिनें असतात, आणि त्या त्या प्रथिनासच जाऊन चिकटणारीं प्रतिपिंडें तयार करतां येतात. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर व मिल्स्टाइन या शास्त्रज्ञांनीं एकाच जातीचीं शुद्ध प्रतिपिंडें हवीं तितकीं निर्माण करण्याची रीत शोधून काढली. त्याबद्दल त्यांना १९८४ सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, आणि या तपासणीचें सामर्थ्य त्या शोधानें फार वाढलें. रुग्णालयाच्या बिलावर 'आय्. एच्. सी.' अशीं जीं अक्षरें दिसतात तीं याच तपासणीचीं. स्नायूच्या पेशी 'डेस्मिन'ला रंग धरतात, मज्जातंतूच्या आवरणांतील पेशी 'एस्-१००'ला. या दुसऱ्या प्रथिनाचें नांव मोठें गमतीचें आहे: अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणांतहि तें विरघळलेलेंच राहतें म्हणून तें 'एस्-१००'! पण येथेंहि एक रंग म्हणजे एक नांव असें समीकरण नाहीं. 'सी. डी. ३४' नांवाची खूण मानेवरील एका साध्या चरबीच्या गाठींत उमटते आणि वर सांगितलेल्या चटईच्या विणीच्या गाठींतहि उमटते. शिवाय कातडीवरील तिळाचा कर्करोग कधीं कधीं चातीचें रूप घेऊन येतो आणि तोहि 'एस्-१००'ला रंग धरतो; तर इतर इंद्रियांचा कर्करोग तेंच रूप घेऊन आला कीं बहुधा 'केरॅटिन'ला. म्हणूनच विकृतिवैद्य एकच परीक्षा न करतां अनेक परीक्षा एकत्र मांडतो आणि होकार व नकार या दोहोंवरून तर्क करतो. घरच्यांना पुष्कळदां वाटतें कीं तपासण्या वाढवून बिल फुगविण्यांत येत आहे. प्रत्येक वेळीं तसें नसतें, हें यावरून कळेल.

शेवटची पायरी जनुकांची. वर सांगितलेल्या सायनोव्हियल सार्कोमांत 'एक्स' हें गुणसूत्र व अठरावें गुणसूत्र यांचे तुकडे अदलाबदल होऊन जुळलेले असतात. त्या जोडांत कोणतीं जनुकें गुंतलीं आहेत हें १९९४ सालीं निश्चित झालें. फुफ्फुसाच्या आवरणावर व अन्यत्र होणाऱ्या 'सॉलिटरी फायब्रस ट्यूमर' या गाठींतील असाच एक जोड २०१३ सालीं सांपडला, आणि त्यावरून 'स्टॅट-६' ही अत्यंत उपयुक्त रंगपरीक्षा हातीं आली. जागतिक आरोग्य संघटनेनें मऊ भाग व हाडें यांच्या गाठींचें जें वर्गीकरण २०२० सालीं प्रसिद्ध केलें, त्यांत जनुकांच्या या खुणांना मोठें स्थान आहे.

येथें कोणी व्यवहारी वाचक विचारील, "नांव कोणतेंहि असो, शेवटीं गाठ काढावयाचीच ना? मग हा खटाटोप कशाला?" या प्रश्नाचें उत्तर जठराच्या गाठींनीं दिलें आहे. जठर व आंतडीं यांच्या भिंतींत चातीच्या आकाराच्या पेशींच्या गाठी होतात. पूर्वीं त्यांतील बहुतेक अनैच्छिक स्नायूच्याच समजल्या जात, आणि त्या पसरल्या म्हणजे त्यांवर औषधांचा फारसा इलाज चालत नसे. १९९८ सालीं जपानांत हिरोता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखवून दिलें कीं यांतील पुष्कळ गाठी स्नायूच्या नसून निराळ्याच जातीच्या आहेत, आणि त्यांच्यांत 'किट' नांवाच्या जनुकांत बिघाड असतो. रक्ताच्या एका कर्करोगासाठीं तयार केलेलें इमॅटिनिब हें औषध या बिघाडावरहि चालेल, असा तर्क पुढें आला. २००० सालीं फिनलंडमधील एका स्त्रीस तें देण्यांत आलें आणि तिच्या गाठी आक्रसूं लागल्या. १९९८ सालीं नांव बदललें आणि २००२ सालीं अमेरिकेंत त्या नांवाच्या रोगासाठीं औषधास मान्यता मिळाली. जी गाठ खरोखरच स्नायूची आहे तिच्यावर हें औषध चालत नाहीं. तेव्हां येथें योग्य नांव म्हणजे योग्य औषध.

उलट कांहीं ठिकाणीं योग्य नांव म्हणजे शस्त्रक्रिया टळणें. 'डेस्मॉइड' नांवाची तंतुमय गाठ तरुण स्त्रियांस गर्भारपणांत किंवा बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतींत होते, आणि इतरत्रहि होते. ती आजूबाजूच्या भागांत मुळें रोवते, पण दूरच्या अवयवांत पसरत नाहीं. पूर्वीं ती तत्परतेनें कापून काढीत आणि ती पुन्हां पुन्हां येई. कांहीं डेस्मॉइड आपोआप थांबतात, कांहीं आक्रसतातहि, असें दिसून आल्यामुळें हल्लीं पुष्कळ प्रसंगीं प्रथम नुसती नजर ठेवण्याचाच सल्ला देतात. तिला चुकून सार्कोमा ठरविलें तर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया होईल, आणि सार्कोमाला डेस्मॉइड ठरविलें तर अमूल्य वेळ जाईल.

आतां घरच्या मंडळींकडे वळूं. विकृतिवैद्याच्या पुढें कांचपट्टी येते तेव्हां तिच्याबरोबर एक कागद येतो. त्यावर रोग्याचें वय, गाठीची जागा, तिची खोली, किती दिवसांची, पूर्वीं काय झालें होतें, हें लिहिलेलें असावें लागतें. पुष्कळदां तो कागद जवळजवळ कोराच असतो, कारण विचारणाऱ्यानें विचारलें नाहीं आणि सांगणाऱ्याला तें महत्त्वाचें वाटलें नाहीं. दहा वर्षांपूर्वीं पाठीवरचा एक काळा तीळ काढला होता. कधीं काळीं दुसऱ्या रोगासाठीं त्याच जागेवर क्षकिरणांचे उपचार झाले होते. अंगावर लहानपणापासून दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग आहेत आणि तसेच डाग व मऊ गांठोळ्या वडिलांच्याहि अंगावर होत्या. काकांना तरुणपणींच मोठ्या आंतड्याचा रोग झाला होता. या चारहि गोष्टी घरांतल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात आणि या चारहि गोष्टींनीं निदानाची दिशा बदलूं शकते. तिळाचा कर्करोग चातीचें सोंग घेतो हें वर सांगितलेंच. क्षकिरणांच्या जागेवर कित्येक वर्षांनीं सार्कोमा उद्भवूं शकतो. डाग व गांठोळ्या असलेल्या घराण्यांत मज्जातंतूच्या गाठी होतात, आणि त्यांतील एखादी पुढें घातकहि होऊं शकते. आंतड्याच्या एका आनुवंशिक रोगाच्या घराण्यांत डेस्मॉइड आढळतो. एकत्र कुटुंबाचे जे अनेक फायदे सांगतात त्यांत हा एक सहसा कोणी सांगत नाहीं: तीन पिढ्यांच्या आजारांची आठवण तेथें एकाच ओसरीवर बसलेली असते. ती आठवण कागदावर उतरवून रोग्याबरोबर पाठविणें, एवढें काम घरांतील कोणीहि आजोबा-आजी करूं शकतील.

दुसरें काम भीति आवरण्याचें. "गाठीला लोखंड लावलें कीं ती पसरते" ही समजूत सुशिक्षित घरांतहि खोल रुजलेली आहे. नीट योजून घातलेल्या सुईनें गाठ पसरण्याचा धोका अगदीं अल्प असतो. शिवाय सुईची वाट अशी निवडतात कीं पुढें शस्त्रक्रियेच्या वेळीं ती वाटहि गाठीबरोबर काढून टाकतां यावी. म्हणूनच सुई कोठून घालावी हें शेवटची शस्त्रक्रिया करणाऱ्या शस्त्रवैद्याच्या सल्ल्यानें ठरावें. खरा अपाय होतो तो नांव न कळतां घाईनें काढलेल्या गाठीनें. साधी चरबीची गाठ समजून अर्ध्या तासांत ती कोरून काढतात, मागें तिचे अंश राहतात, कापलेल्या थरांतून ते इकडेतिकडे होतात, आणि मग दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षां कितीतरी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. त्यांतहि काढलेली गाठ तपासणीसाठीं न पाठवितां टाकून दिली तर निदानाचा पुरावाच नाहींसा झाला. अंगांतून काढलेली गाठ, मग ती कितीहि क्षुद्र दिसो, तपासणीस गेलीच पाहिजे, असा आग्रह घरच्यांनीं धरावा. लेप, शेक, मालिश, बिब्ब्याचे डाग यांनीं गाठीचें नांव कळत नाहीं; त्यांत महिने मात्र जातात.

तिसरें काम वाट पाहण्याचें. रंगपरीक्षा व जनुकपरीक्षा यांस दिवस लागतात, कधीं दोन-तीन आठवडेहि लागतात. तेवढ्यांत "रिपोर्ट कां येत नाहीं" म्हणून घायकुतीला येऊन अर्धवट निदानावर शस्त्रक्रिया उरकून घेऊं नये. निदानाविषयीं शंका असेल तर तोच मेणाचा ठोकळा व त्याच कांचपट्ट्या दुसऱ्या अधिक अनुभवी तज्ज्ञाकडे नेतां येतात. त्यांत पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाहीं. या शाखेंत मुरलेले तज्ज्ञहि अवघड कांचपट्ट्या एकमेकांस दाखवितात. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारख्या विकृतिवैद्यानें तेथें कर्करोगाच्या अभ्यासाचा पाया घातला. अशा ठिकाणीं शस्त्रवैद्य, चित्रतज्ज्ञ व विकृतिवैद्य एकत्र बसून निर्णय घेतात, आणि विरळा गाठींच्या बाबतींत हें एकत्र बसणेंच रोग्याच्या सर्वांत अधिक उपयोगीं पडतें.

एक नाजूक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. मांडी, कूस, पोटाची भिंत अशा जागीं गाठ आली म्हणजे घरांतील स्त्री ती कोणाजवळ बोलत नाहीं. सासूला सांगावें तर काळजी, नवऱ्याला सांगावें तर खर्च, आणि कार्यप्रसंग तर नेहमींच तोंडावर आलेला! असे महिने जातात आणि सुपारीएवढी गाठ आंब्याएवढी होते. घातक गाठ लहान व वरवरची असतां सांपडली तर ती अवयव राखून पुरती काढतां येण्याचा संभव पुष्कळ असतो. उशीर झाला म्हणजे ती रक्तावाटे फुफ्फुसांत जाऊन बसते. तसेंच रोग्याला वगळून चार पुरुषांनीं बैठकींत निर्णय घेणें हेंहि योग्य नाहीं. गाठ ज्याच्या अंगावर आहे त्याला तिचें नांव कळलें पाहिजे. घरांतील कर्त्या स्त्रीनें सुनांना, लेकींना आणि घरांत कामाला येणाऱ्या बायांनाहि एकदां मोकळेपणानें विचारावें कीं अंगावर कोठें वाढती गाठ तर नाहीं ना. आणि ती आहे असें कोणीं सांगितलें तर "कशाची?" हा प्रश्न प्रथम विचारावा, "कधीं काढावयाची?" हा त्यानंतर.